सहाच्या सहा चूक

२५ एप्रिल, मंगळवार

ही वही कंपनीची आहे. हिच्यात लिफ्टच्या दुरुस्तीची नोंद करायची असते: इमारत, बिघाड, कारण, उपाय. एकोणीस वर्षं मी अम्मानच्या टेकड्यांवरच्या लिफ्टा दुरुस्त करतोय आणि असल्या बारा वह्या भरल्यात. ही तेरावी. आज बिघाडाच्या रकान्यात माझ्या मुलीचं नाव लिहायची पाळी आली, म्हणून रकाने सोडून देतो आणि आडवं लिहितो.

शाळेनं बोलावलं होतं. सकाळपासून घरात घाई. माझी बायको इनाम दारात उभी राहून सिवारला ओरडत होती, "यम्मा, बूट घाल, उशीर होतोय." सिवार सात वर्षांची आहे, दुसरीत. गेल्या महिन्यात कांजिण्या झाल्या, त्याचे दोन डाग अजून हनुवटीवर आहेत. ती बूट घालते ते आधी आत विंचू नाही ना हे बघून. पाचव्या मजल्यावर विंचू कुठून येणार, पण बघतेच.

शाळेत मिस गुसून म्हणून समुपदेशक आहेत. चांगल्या बाई, चहा दिला. मग मला मुलीच्या नावानं हाक मारून म्हणाल्या, अबू सिवार, तुमच्या मुलीला तर्कानं विचार करता येत नाही. दुसरीच्या सगळ्या पस्तीस मुलांची चाचणी घेतली. नातीगोती ओळखण्याची सहा कार्डं होती, आणि सिवारची सहाच्या सहा चुकली. पहिल्या कार्डावर एक बाई आणि एक मुलगी, खाली लिहिलेलं, "यम्मा, चल ना, उशीर होतोय." प्रश्न असा, की हे कोण म्हणालं? यम्मा म्हणजे आई, तेव्हा शेंबडं पोरही सांगेल, मुलगी आईला म्हणाली. सिवारनं सांगितलं, आई म्हणाली. दुसऱ्यावर बाप आणि मुलगा रस्ता ओलांडतायत, "यबा, हात धर." यबा म्हणजे बाबा, तरी सिवार म्हणे, बाप बोलला. तिसऱ्यावर जिन्यात आजी आणि नात, "सित्ती, जपून." सित्ती म्हणजे आजी, आणि सिवार म्हणे, आजी बोलली. पुढची तीनही त्याच चालीची.

अशी पाच मुलं निघालीत. त्यांना पुन्हा दुसरीतच ठेवणार, तेही वेगळ्या खोलीत. एक जूनला शेवटची फेरतपासणी आहे.

मी मान डोलावली आणि बाहेर आलो. बाहेर सिवार बाकावर बसून माझी वाट बघत होती. मी म्हटलं, "चल यबा, घरी जाऊ." ती माझं बोट धरून निघाली. मला फार लाज वाटली. लाज तिची नव्हे. मला वाटलं, हे माझ्यातूनच गेलंय तिच्यात. मीही नववीत शाळा सोडली, मास्तरांनी बापाला सांगितलं होतं की याच्या डोक्यात दगड आहेत.

२७ एप्रिल, गुरुवार

इनाम म्हणते शिकवणी लावू. मी म्हटलं, शिकवणीचा मास्तर तिला पाठ करून घेईल. विचार करायला मीच शिकवतो. मला दुसरं काही येत नसेल, पण बिघाड शोधता येतो. बंद पडलेल्या लिफ्टसमोर उभं राहून अंदाज ठोकणारे मेकॅनिक मी पुष्कळ पाहिले. मी अंदाज ठोकत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय होतं ते बघायचं. एवढं सिवारला जमलं तर सहा कार्डं काय चीज आहेत.

पहिला धडा विजेरीचा. मी आत संपलेला सेल घालून ठेवला आणि म्हटलं, दिवा लागत नाही, का ते शोध. बाजूला एक नवा सेल ठेवला. सिवारनं नवा सेल उचलला आणि विचारलं, हा चांगला आहे कशावरून? मी म्हटलं, दुकानातून आणलाय. तिनं विचारलं, दुकानदारानं लावून बघितला का? मी म्हटलं, फाटे फोडू नकोस. मग तिनं तो सेल भिंतीवरच्या घड्याळात घालून बघितला, आणि घड्याळ चाललं तेव्हाच विजेरीला हात लावला. अर्धा तास गेला. पोर मुद्द्यावर येतच नाही.

१ मे, सोमवार

कामगार दिनाची सुट्टी. आज "जर आणि तर" घेतलं. मी सिवारला गच्चीवर नेलं. गच्ची ओली होती, मला आयतंच उदाहरण मिळालं. म्हटलं, पाऊस पडला तर गच्ची ओली होते. आता गच्ची ओली आहे. यावरून काय कळतं?

ती म्हणाली, काही नाही.

मी म्हटलं, नीट विचार कर. ती म्हणाली, आज सोमवार, आपल्या पाण्याचा वार, कुणाची तरी टाकी भरून वाहिली असेल. मी बघितलं, शेजारच्या टाकीखालून धार लागली होती आणि आभाळ लख्ख होतं. तरी मी तिला अर्धाच गुण दिला. प्रश्नात पावसाचं विचारलं होतं, टाकीचं नव्हे. परीक्षेत असलं बोललं तर मिस गुसून ऐकून घेतील का?

३ मे, बुधवार

आज माझं चुकलं.

मी जाड कागदाची कार्डं केली, शाळेतल्यासारखी. चित्रं इनामनं काढली. पहिलंच कार्ड: बाप आणि मुलगी, खाली "यबा, पाणी हवंय का?" विचारलं, कोण म्हणालं? सिवार म्हणाली, बाप. दुसरं दाखवलं. आई. तिसरं दाखवलं. आजी. पुन्हा सगळी तीच चूक, आणि तोंडावर काही नाही. अडखळत नाही, गोंधळत नाही, ठाम चुकते. मला वाटलं मुद्दाम करते. माझा आवाज चढला, शेजाऱ्यांना ऐकू गेलं असणार.

ती म्हणाली, "यबा, तू मला काय म्हणतोस?"

मी म्हटलं, "काय म्हणणार? मूर्ख म्हटलं का तुला? तुझ्यासाठी घसा फोडतोय मी, यबा, आणि तू मलाच उलटं विचारतेस?"

तिनं मान हलवली, उत्तर मिळाल्यासारखी. इनाम दारातून ऐकत होती. ती आत आली, कार्डं गोळा केली आणि सिवारला घेऊन माझ्या आईकडे वर गेली. जाताना मला म्हणाली, "तुझं उत्तर तू ऐकलंस का?" मी म्हटलं, कसलं उत्तर? ती हसली. बायका अशा वेळी हसतात कशाला, मला समजत नाही.

एकटा बसून चहा प्यालो, मरमियाची पानं घालून. गोड लागला नाही.

७ मे, रविवार

माझ्या आईचं मत: पोरीला नजर लागलीय. वर गेलो तर ती सिवारच्या डोक्यावरून मिठाची मूठ फिरवत होती आणि म्हणत होती, "सित्ती, हलू नकोस." सिवारनं विचारलं, नजर लागली नसती तर मीठ फिरवून काय झालं असतं? आई म्हणाली, काहीच नाही. सिवार म्हणाली, मग लागली होती की नव्हती हे कसं कळणार? आई मला म्हणाली, "वस्फी, ही पोर मंद आहे असं कुठल्या गाढवानं सांगितलं?"

आईचं काय, नातीचं सगळं तिला गोडच वाटतं.

१२ मे, शुक्रवार

शुक्रवारची सुट्टी असून काम निघालं. चार मजली जुनी इमारत, काल कुणीतरी मोटरची वायर बदलून गेलेला. लिफ्ट वरचं बटण दाबलं की खाली जाते, खालचं दाबलं की वर. चौथ्या मजल्यावरच्या उम्म रिफअत जिन्यात खुर्ची टाकून बसल्या होत्या, म्हणाल्या, लिफ्टला वेड लागलंय, हिला विकून टाका. मी सिवारला बरोबर नेलं होतं, म्हटलं घरात कार्डं बघून दोघांचंही डोकं फिरलंय, जरा हवा लागू दे.

तिला मी यंत्राच्या खोलीत नेलं आणि दाखवलं. म्हटलं, हे बघ, वेडं यंत्र कसं असतं? कधी बरोबर जातं, कधी चुकतं, त्याचा नेम नसतो. त्याला शोधता शोधता माझी आठवडाभर झोप उडते. पण ही लिफ्ट दर वेळी चुकते आणि दर वेळी उलटी चुकते. एकदाही बरोबर येत नाही. म्हणजे ती शहाणी आहे. दोन वायरी उलट जोडल्यात, एवढंच. मी वायरी बदलल्या, बटण दाबलं, लिफ्ट वर गेली. पाच मिनिटांचं काम.

सिवारनं विचारलं, "म्हणजे लिफ्टची काहीच चूक नव्हती?"

"काही नाही."

"आणि सगळे तिलाच वेडी म्हणत होते."

मी म्हटलं, लोक असंच म्हणतात. उम्म रिफअतनी तिला कणीदार काजूचं बिस्किट दिलं, ते तिनं खाल्लं नाही, हातातच धरून ठेवलं. घरी गेल्याबरोबर तिनं माझ्याकडून एक कोरी वही मागून घेतली. लिफ्टचं तिला समजलं याचा मला फार आनंद झाला, पण परीक्षेत लिफ्ट विचारणार नाहीत.

१६ मे, मंगळवार

नवीन खूळ. सिवार त्या वहीत रेघा मारत बसते. घरात कुणी काही बोललं की एक रेघ. इनाम म्हणाली, "यम्मा, ताट उचल." सिवारनं आधी रेघ मारली, मग ताट उचललं. आई वरून हाक मारते, "सित्ती, मक्लूबा शिजलाय, ये," की रेघ. माझ्या बोलण्यावरही मारते. मी म्हटलं, कार्डं कधी करायची? इनाम म्हणाली, मोजू दे तिला. मी विचारलं, काय मोजतेय? ती म्हणाली, "तुला जे ऐकू येत नाही ते." आणि पुन्हा हसली. या दोघी मिळून माझी फिरकी घेतायत असा मला संशय आहे.

१९ मे, शुक्रवार

खरं लिहायचं तर आज धीर सुटला. तेरा दिवस उरलेत. गुपचूप दोन कार्डं तिच्यासमोर टाकली. सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, "यबा, यातून कळत नाही." आधी निदान चुकीचं का होईना, उत्तर द्यायची. आता उत्तरच देत नाही.

मी मनाशी म्हटलं, ठीक आहे. राहू दे दुसरीत. वेगळ्या खोलीत बसू दे. माझी पोर आहे आणि मला ती जगातल्या सगळ्या हुशार पोरांपेक्षा प्रिय आहे. पण ती त्या खोलीत जाईल तेव्हा कुणीतरी तिला सांगेल की तुझ्या डोक्यात दगड आहेत, आणि ती ते खरं धरून चालेल. मी धरलं होतं. पस्तिशी उलटेपर्यंत धरलं होतं. कुणी इंजिनीअर समोर आला की अजून मी बाजूला सरकून उभा राहतो.

२८ मे, रविवार

एवढंच लिहितो: आज सिवारनं घरातली विजेची पेटी बघून, कुठलं बटण कुठल्या खोलीचं, हे न विचारता शोधून काढलं. एक एक बटण बंद करत गेली आणि आजीला खोल्या-खोल्यांतून फिरवून ओरडायला लावलं. आजीची वाट लागली. मी पूर्ण गुण दिले.

१ जून, गुरुवार

सगळं जसंच्या तसं लिहून ठेवणार.

शाळेत आम्हा दोघांना मागच्या खुर्च्यांवर बसवलं. मिस गुसूननी आधीच बजावलं, आईबापांनी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत. मग सिवारसाठी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "ये यम्मा, बस इथे. घाबरू नकोस."

सिवारनं बसायच्या आधी आपली वही उघडली आणि एक रेघ मारली.

पहिलं कार्ड. बाई आणि मुलगी. "यम्मा, चल ना, उशीर होतोय." हे कोण म्हणालं?

"सांगता येत नाही," सिवार म्हणाली.

मी डोळे मिटून घेतले. इनामनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

मिस गुसून शांतपणे म्हणाल्या, दोघींपैकी एकीचं नाव घे. सिवार म्हणाली, चित्रात दोघींची तोंडं बंद आहेत, आणि वाक्यावरून कळत नाही. मिस म्हणाल्या, "का नाही कळत? यम्मा कुणाला म्हणतात?"

"तुम्ही मला म्हणालात. आत्ता."

मी डोळे उघडले. मिस गुसूनचं तोंड अर्धवट उघडं होतं आणि त्या आपलंच बोलणं आठवून बघत होत्या हे स्पष्ट दिसत होतं.

सिवारनं वही त्यांच्यापुढे सरकवली. म्हणाली, "आमच्या घरी मी वीस दिवस मोजलं. यम्मा तीनशे बारा वेळा. त्यातल्या एकशे सत्याऐंशी वेळा आई मला म्हणाली, उरलेल्या वेळा मी तिला. यबाचंही तसंच आहे. सित्तीचं तर विचारूच नका. म्हणून एकीचं नाव घ्यायचंच असेल तर आई. मागच्या वेळी मी तेच सांगितलं होतं, पण तेव्हा मोजलं नव्हतं."

सात वर्षं मी या पोरीला यबा म्हणतोय. माझा बाप मला यबा म्हणायचा, त्याला त्याचा. अख्खं गाव आपल्या पोराला स्वतःच्याच नात्यानं हाक मारतं आणि आम्हाला ते श्वासासारखं ऐकूच येत नाही. मी स्वतःच्या हातानं कार्डं केली, तिनं तोंडावर विचारलं की तू मला काय म्हणतोस, आणि मी तिला यबा म्हणूनच झापलं.

मिस गुसूननी उत्तरांची पुस्तिका काढली. म्हणाल्या, यात तर मुलगी असंच छापलंय. सिवारनं विचारलं, पुस्तिका कुठली आहे? बाहेरच्या देशातली, मिस म्हणाल्या, इथे भाषांतर केलंय. सिवारनं विचारलं, तिथल्या आया मुलींना काय हाक मारतात? मिस म्हणाल्या, बहुतेक नावानं.

"मग तिथे ते बरोबर असेल," सिवार म्हणाली. "मिस, माझी सहाच्या सहा चुकली होती. मला काहीच समजत नसतं तर तीन तरी चुकून बरोबर आली असती. दर वेळी उलटं येतं म्हणजे लिफ्ट शहाणी असते. वायर कुणीतरी उलटी जोडलेली असते."

मला बोलायची बंदी होती. पण आता माझं डोकं चालायला लागलं होतं, आणि ते चालायला लागलं की मला थांबवणं अवघड. मी उभा राहिलो आणि म्हटलं, बाई, माफ करा, एकच विचारतो. आमच्या घरासारखीच हाक साऱ्या अम्मानमध्ये मारतात. मग बाकीच्या तीस मुलांची उत्तरं पुस्तिकेप्रमाणे आली कशी? ती पाचच वेगळी का? त्या पाचांत असं काय आहे जे तिसांत नाही?

त्या म्हणाल्या, चाचणीआधी वर्गबाईंनी मुलांकडून या कार्डांचा सराव करून घेतला होता.

"कधी?"

त्यांनी तारीख बघितली. मी म्हटलं, त्या आठवड्यात सिवार कांजिण्यांनी अंथरुणात होती. बाकीची चौघं कुठे होती ते बघता का?

मिस गुसूननी हजेरीपट आणवला. बोट खाली खाली सरकत गेलं. चौघंही गैरहजर. चौघांनाही कांजिण्या. ज्यांना उत्तर आधी सांगितलेलं नव्हतं, त्या पाचांनीच स्वतःच्या डोक्यानं विचार केला होता, आणि नेमक्या त्यांनाच आम्ही मंद ठरवून बसलो होतो. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

मिस गुसूनना मी मानलं. त्यांनी सारवासारव केली नाही. पुस्तिका मिटून बाजूला ठेवली, उठल्या, सिवारसमोर गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या घरी दोन मुलं आहेत. मी दिवसभर त्यांना यम्मा म्हणते. मला हे दिसायला हवं होतं. माझं चुकलं, यम्मा." मग स्वतःच जीभ चावली, आणि सिवार पहिल्यांदा हसली. रेघ मात्र मारली.

मुख्याध्यापिकाबाई आल्या. त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. सिवारची फेरतपासणी तिथल्या तिथे दुसऱ्या कार्डांनी घेतली, आकृत्यांची, क्रमाची, वजनकाट्याची. मी मागे बसून बघत होतो. ती प्रत्येक कार्ड उलटसुलट करून बघायची, मग उत्तर द्यायची. वीसपैकी एकोणीस. जे चुकलं त्यावर ती अजून वाद घालतेय.

निर्णय रद्द. कागदावर सही झाली, शिक्का पडला. मिस गुसूननी मला विचारलं, अबू सिवार, हिला हे घरी कुणी शिकवलं? माझ्या जिभेवर "मी" आलंच होतं. इनाम माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "मी फक्त लिफ्ट दाखवली. बाकी वेळ मी मध्ये मध्ये येत होतो."

बाहेर पडल्यावर रस्त्यातच मी रडलो. चांगला दणकून रडलो. रोटीवाल्यानं विचारलं, कुणी गेलं का? इनाम म्हणाली, नाही, पास झाला.

११ जून, रविवार

उरलेल्या चौघांना आज शाळेनं पुन्हा बोलावलं होतं. मिस गुसूननी दुपारी फोन करून सांगितलं, चौघंही सुटली. त्यातल्या रुबा नावाच्या मुलीला नवी कार्डं दाखवण्याआधी जुनंच पहिलं कार्ड दाखवलं होतं. ती म्हणाली, आई बोलतेय, कारण आमच्या घरी उशीर फक्त आईला होतो. मिस म्हणाल्या, हे कारण मला तुमच्या मुलीच्या कारणापेक्षाही आवडलं. मी सिवारला सांगितलं. ती जरा विचारात पडली आणि म्हणाली, चांगलं आहे, पण तिनं मोजायला हवं होतं.

२० ऑगस्ट, रविवार

शाळा सुरू झाली. मी कामावर उशिरा येतो म्हणून कळवलं आणि फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. पहारेकरी म्हणाला, काका, पालकांनी आता निघायचं. मी म्हटलं, निघतो, आणि निघालो नाही.

मैदानात बाई नावं पुकारत होत्या. तिसरीची यादी लांब होती. बाकीची चार मुलं कुठली, हे मी मिस गुसूनना विचारून ठेवलं होतं, दप्तराच्या रंगावरून. रुबाचं हिरवं दप्तर सगळ्यात पुढे. सिवार अकरावी होती. नाव पुकारल्यावर तिनं हात वर केला, मग बाईंच्या हातातली यादी स्वतः वाकून बघितली, आपलं नाव खरंच तिथे आहे ना म्हणून.

रांग हलली. मी फाटकाच्या गजांना धरून त्या पाचांना मोजत होतो. एक, दोन, तीन, चार. पाचवं पोर दारात बुटाची नाडी बांधायला खाली बसलं, तेव्हा माझी मोजणी चारवर अडली. मग तेही उठलं आणि तिसरीच्या वर्गात गेलं.